ऊनुस, दुओ, त्रेस आणि आपलं एकोणीस

मुलांनो, घरातलं कॅलेंडर जरा समोर घ्या. वर्षाचे शेवटचे चार महिने काढा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आता मोठ्याने म्हणा : सप्त, अष्ट, नव, दश. काही ऐकू आलं? सप्टेंबरात सप्त लपलाय, ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव आणि डिसेंबरात दश! पण बोटं मोजून पाहा बरं. सप्टेंबर काही सातवा महिना नाही, तो आहे नववा. मग हे असं दोन घरं पुढे कोण सरकलं?

त्याचं उत्तर रोममध्ये आहे. जुन्या रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. (आपला पाडवासुद्धा मार्च-एप्रिलातच येतो की!) मार्च पहिला धरला की सप्टेंबर बरोबर सातवा येतो. रोमन लोकांची भाषा लॅटिन. लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम', आठ 'ओक्तो', नऊ 'नोवेम' आणि दहा 'देकेम'. पुढे इसवी सनापूर्वी १५३ पासून रोमचे मुख्य अधिकारी १ जानेवारीला कामावर रुजू होऊ लागले आणि वर्षाची सुरुवात जानेवारीत गेली. पाचव्या महिन्याचं नाव होतं क्वीन्तीलिस. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या नावावरून त्याचा जुलै झाला. सहावा सेक्स्तीलिस, त्याचा इसवी सनापूर्वी ८ मध्ये सम्राट ऑगस्टसवरून ऑगस्ट झाला. बाकीच्या चौघांची नावं मात्र जुनीच टिकली. गल्लीतले घरनंबर बदलले, दारावरच्या पाट्या जुन्याच राहिल्या!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला हे लॅटिन कुठून सुचलं? खरं आहे. मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. डी.एड.च्या अभ्यासक्रमात लॅटिन नव्हतं आणि आमच्या गावात तर ते कुणाच्या कानावरूनही गेलेलं नाही. मी लॅटिन आकडे शिकले ते दुसरीतल्या एका मुलीमुळे. तिचं खरं नाव नको, आपण तिला चिमणी म्हणू या.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कानडी बोलतात. चिमणीची आजी आठवडी बाजारात भाजी विकते आणि चिमणी तिच्या शेजारी बसून सुटे पैसे परत करते. कुणाला एक रुपया कमी नाही की जास्त नाही. चिंचोके पुढे टाकले तर दहा-दहाचे ढीग माझ्या आधी तिचेच लागायचे. पण मी 'एकोणतीस लिहा' म्हटलं की चिमणीच्या पाटीवर ३९ उमटायचे. 'एकोणपन्नास' म्हटलं की ५९. आणि 'पंचवीस'ला कधी २५, कधी ५२.

तिच्या जागी बसून विचार करा. कानडीत एकोणतीसला म्हणतात 'इप्पत्तोंबत्तु', म्हणजे वीस आणि नऊ. दोन लिहा, नऊ लिहा, झालं काम. मराठीत मात्र 'एकोणतीस' ऐकलं की कानाला 'तीस' ऐकू येतं. मग तिने तीन लिहिला, तर त्यात तिचा काय दोष? पण पाटीवर लाल फुली दिसली की सात वर्षांचं मूल एवढा विचार थोडंच करतं! एक दिवस ती पाटी उलटी ठेवून म्हणाली, ''बाई, मला आकडे येत नाहीत. मी आता शाळेत येणार नाही.'' दोन दिवस आलीच नाही. मी घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, ''हिला डोकं नाही म्हणतात हो सगळे. धाकट्या भावालाच शिकवावं असं चाललंय घरात.''

त्या रात्री मी एक गोष्ट आठवायचा प्रयत्न केला. 'एकोणतीस' मी स्वतः कधी शिकले? काही केल्या आठवेना. आपल्याला जे फार लहानपणी आलं, ते येत नव्हतं तेव्हा कसं वाटायचं हे आपण विसरून जातो. पालकांनो, हे तुमच्याही बाबतीत खरं आहे. मग म्हटलं, आपण पुन्हा पहिलीत बसू या. एखाद्या अगदी नव्या भाषेत एक ते शंभर शिकू या. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक पिवळं पडलेलं लॅटिनचं पहिलं पुस्तक मिळालं होतं. तेच उघडलं. एसटीच्या खिडकीत बसून मी विजेचे खांब मोजू लागले, लॅटिनमध्ये!

चला, तुम्हीही बसा माझ्या शेजारी.

ऊनुस (१), दुओ (२), त्रेस (३), क्वात्तुओर (४), क्वींक्वे (५), सेक्स् (६), सेप्तेम (७), ओक्तो (८), नोवेम (९), देकेम (१०).

पहिलाच आकडा अनोळखी. कुठे 'एक' आणि कुठे 'ऊनुस'! पण पुढे पाहा. दुओ आणि द्वौ, त्रेस आणि त्रयः, क्वात्तुओर आणि चत्वारः, सेप्तेम आणि सप्त, ओक्तो आणि अष्टौ, नोवेम आणि नव. हे संस्कृत आकडे तुम्ही पाठ केले असतील, नाहीतर आजोबांना विचारा. 'पंच' आणि 'क्वींक्वे' ऐकायला लांबचे वाटतात, पण तेही नात्यातलेच. दहाची गंमत वेगळी. लॅटिनमध्ये देकेम, आपल्याकडे दश. तिकडे क, इकडे श. आता शंभर बघा : लॅटिनमध्ये 'केन्तुम', संस्कृतात 'शतम्'. पुन्हा तिकडे क, इकडे श! म्हणजे हा योगायोग नाही, नियम आहे. भाषा अशा नियमाने बदलतात आणि त्या नियमांवरून त्यांची नाती ओळखता येतात.

ही नाती पहिल्यांदा लक्षात येण्याची एक जागा आपल्या अगदी जवळची आहे. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी १५८० नंतरच्या वर्षांत कोचीन आणि गोव्याला राहत होता. इटालियन ही त्याची भाषा, म्हणजे लॅटिनचीच लेक. संस्कृतात आणि आपल्या भाषेत पुष्कळ शब्द सारखे आहेत, असं त्याने घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलं आणि उदाहरणं कुठली दिली, माहीत आहे? सहा, सात, आठ आणि नऊ हे आकडे! १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये, विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात भाषण करताना सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा बहुधा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. पण बोटांवर आकडे मोजता मोजता ही शंका त्या व्यापाऱ्याला आधीच आली होती.

दहापर्यंत मी मजेत गेले. मग पहिला अडथळा आला. लॅटिनमध्ये एक, दोन आणि तीन हे आकडे माणूस बघून रूप बदलतात. एक मुलगा असेल तर 'ऊनुस', मुलगी असेल तर 'ऊना'. दोन मुलगे 'दुओ', दोन मुली 'दुए'. मी वैतागले. आकडा तो आकडा, त्याला कशाला हवं स्त्रीलिंग-पुल्लिंग? आणि मग मला आमच्या वर्गातलंच बोलणं आठवलं : ''ते दोघे गेले, त्या दोघी आल्या, ती दोघं भांडली.'' आपणही तेच करतो की! दोघे-दोघी, तिघे-तिघी, चौघे-चौघी. लॅटिनमध्ये हा प्रकार तिनाला थांबतो (मग एकदम दोनशेपासून पुन्हा सुरू होतो), संस्कृतात चारापर्यंत जातो. बाहेरगावचं मूल मराठी शिकताना 'दोघी' ऐकून असंच वैतागत असेल.

अकरापासून पुढची गाडी सरळ आहे. ऊन्देकिम म्हणजे एक-दहा, अकरा. दुओदेकिम बारा. मग त्रेदेकिम, क्वात्तुओर्देकिम, क्वीन्देकिम, सेदेकिम, सेप्तेन्देकिम. झाले सतरा. आता अठरा काय असेल? 'ओक्तोदेकिम', असंच तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणून पान उलटलं, तर पुस्तकात होतं 'दुओदेवीगिन्ती'!

शब्द फोडून पाहू. दुओ म्हणजे दोन, दे म्हणजे मधून, वीगिन्ती म्हणजे वीस. विसातून दोन! आणि एकोणीस? 'ऊन्देवीगिन्ती', विसातून एक. मी एसटीत एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या आजींनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. अहो, पण हसू नको तर काय करू? हे तर आपलं एकोणीस! एक + ऊन + वीस. ऊन म्हणजे कमी. वजाबाकीतलं 'उणे' आणि बोलण्यातलं 'उणंदुणं' त्याच घरातलं. एक कमी वीस म्हणजे एकोणीस, एक कमी तीस म्हणजे एकोणतीस. लॅटिनमध्ये एकोणतीस 'ऊन्देत्रीगिन्ता', एकोणचाळीस 'ऊन्देक्वाद्रागिन्ता'. मात्र एका ठिकाणी पाय घसरू देऊ नका. लॅटिनमधलं 'ऊन्' म्हणजे एक आणि आपलं 'ऊन' म्हणजे कमी. आवाज सारखा, अर्थ निराळा. कान फसवतात, म्हणून शब्द फोडून बघायचा.

नव्व्याण्णवची गंमत सांगू? आपण एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत दर वेळी 'एक कमी' म्हणतो, पण नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' म्हणत नाही. लॅटिनमध्येही बहुतेक वेळा 'नोनागिन्ता नोवेम', म्हणजे सरळ नव्वद-नऊच म्हणतात.

असं पुढच्या टप्प्यावरून मागे मोजणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. पावणेचार वाजले म्हणजे चाराला पाव कमी. 'पाऊण' शब्दातही तेच 'ऊन' आहे, पाव कमी एक. रोमन लोक तर तारखासुद्धा पुढच्या ठरलेल्या दिवसापासून मागे मोजत. ३० डिसेंबरला ते म्हणत, जानेवारीच्या पहिल्या तारखेपूर्वीचा तिसरा दिवस. तिसरा कसा? ३०, ३१ आणि १ असे दोन्ही टोकांचे दिवस धरून! त्यांचा बाजार दर आठव्या दिवशी भरायचा, पण दोन्ही बाजारांचे दिवस मोजल्यामुळे त्या दिवसाचं नाव पडलं 'नून्दिने', त्यात आहे नऊ. हसू नका! आपल्या सात दिवसांच्या 'आठवड्या'त आठ काय करतोय, ते आधी सांगा.

लॅटिन शिकून मी वर्गात काय केलं? लॅटिन काही शिकवलं नाही. दहा-दहा चिंचोक्यांच्या तीन पुरचुंड्या केल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, ''किती?'' सगळे ओरडले, ''तीस!'' मग एका पुरचुंडीतून एक चिंचोका काढून खिडकीत ठेवला. ''हा एक उणा झाला. आता किती?'' वर्ग गप्प. मागून चिमणीचा आवाज आला, ''ओंदु कम्मि मूवत्तु!'' म्हणजे कानडीत, एक कमी तीस. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : एक-ऊन-तीस. तिने ते वाचलं, एकदा हळू, एकदा भरभर. मग स्वतः पुढे आली, पुरचुंड्या मोजल्या. दोन पुऱ्या, एक अपुरी. अपुरीत नऊ. पाटीवर तिने २९ लिहिले आणि पाटी सुलटी धरून सगळ्यांना दाखवली.

एका दिवसात जादू झाली, असं मी सांगणार नाही. 'एकोणसाठ' आला की ती अजूनही क्षणभर थांबते, बोटं मिटते आणि मगच लिहिते. पण थांबणं वेगळं आणि 'मला येत नाही' म्हणून पाटी उलटी ठेवणं वेगळं. ती आता तिसरीत आहे आणि धाकट्या भावाचा अभ्यास तीच घेते.

पालकांनो, २०१९ मध्ये आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'बरोबर 'वीस दोन' असंही वाचायला आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवतंय ना? कुणी म्हणालं भाषा बुडाली, कुणी म्हणालं मुलं सुटली. मला लॅटिनमध्ये त्याच वादाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. बावीसला रोमन लोक 'वीगिन्ती दुओ' म्हणत, म्हणजे वीस दोन. आणि 'दुओ एत् वीगिन्ती'ही म्हणत, म्हणजे दोन आणि वीस, अगदी आपल्या बावीससारखं. दोन्ही बरोबर! माझ्या वर्गात मी हेच करते. 'वीस दोन' हा जिना आणि 'बावीस' हा माडीवरचा माळा. जिन्याने चढायचं, माळ्यावर राहायचं. जिना काढून टाकला तर लहानांनी वर यायचं कसं?

आता शंभराच्या पुढे एक उडी मारू. केन्तुम म्हणजे शंभर आणि 'मील्ले' म्हणजे हजार. हे दोघं तुमच्या दप्तरातच आहेत. पट्टी काढा. सेंटीमीटर म्हणजे मीटरचा शंभरावा भाग, मिलिमीटर म्हणजे हजारावा. डेसिमीटरमधला 'डेसी' आपल्या देकेमचा नातलग. रोमन सैनिक चालताना एक हजार पावलं मोजत (डावा पाय पुन्हा टेकला की एक पाऊल), आणि त्या अंतराला 'मील्ले पास्सूस' म्हणत. त्यातूनच इंग्रजांचा माईल आला आणि आपल्या तोंडी बसलेला मैलही त्याच वाटेवरचा. मैलाचा दगड दिसला की मील्लेला नमस्कार करा. दगडावरून आठवलं, लॅटिनमध्ये छोट्या खड्याला म्हणतात 'काल्कुलुस'. खडे मांडून हिशेब करायचे, म्हणून हिशेबाच्या यंत्राचं नाव पडलं कॅल्क्युलेटर. म्हणजे आमचे चिंचोके काही मागासलेले नाहीत!

एक गोष्ट मात्र रोमन लोकांच्या खड्यांत नव्हती. शून्य. घड्याळावरचे ते रोमन आकडे बघा. एकाला 'आय', पाचाला 'व्ही', दहाला 'एक्स' अशी अक्षरं. त्यांत शून्याला चिन्हच नाही. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले होते. हे आकडे अरबांमार्फत पश्चिमेला पोहोचले आणि पिसा गावच्या लिओनार्दोने (त्यालाच फिबोनाची म्हणतात) १२०२ मध्ये एक पुस्तक लिहून युरोपला भारतीयांच्या नऊ आकड्यांची आणि शून्याची ओळख करून दिली. ते पुस्तक कुठल्या भाषेत होतं? लॅटिनमध्ये! आकडे आपले, पुस्तक त्यांचं. देवाणघेवाण ही अशी असते.

तर मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातल्या मोठ्यांना येत नसलेल्या एखाद्या भाषेतले एक ते वीस आकडे शोधून काढा. शेजारच्या काकूंची गुजराती, दुकानदार काकांची मारवाडी, मित्राची उर्दू, कोणतीही चालेल. नाहीच मिळाली, तर वर दिलेली लॅटिन आहेच. आधी तुम्ही पाठ करा, मग आई-बाबांना शिकवा. ते अडखळले की हसायचं नाही हं! 'ऊन्देवीगिन्ती' म्हणताना बाबांची जीभ वळणार नाही, तेव्हा त्यांना फक्त चिंचोके आणून द्या आणि शांतपणे वाट पाहा. मग तुम्ही 'एकोणसाठ'ला अडाल, तेव्हा तेही तुमची तशीच वाट पाहतील.

चला, सुरुवात करा. ऊनुस, दुओ, त्रेस...